सोळा शहरांतील एक मैफल : ‘फ्लाइट ६६६’ पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

१ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर आयर्न मेडन या इंग्लिश बँडने आपल्या जागतिक दौऱ्याचा पहिला कार्यक्रम केला. त्या रात्री वाजलेले पहिले गाणे पुढच्या वर्षी, मे २००९ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘फ्लाइट ६६६’ या थेट मैफलीच्या अल्बमचेही पहिले गाणे ठरले. रॉक संगीत आजवर फारसे कानावर पडलेले नाही, पण एकदा नीट ऐकून पाहावे असे मनात आहे, असे सांगणाऱ्या मराठी श्रोत्याला मी सुरुवात म्हणून हाच अल्बम सुचवतो. त्यात मुंबई आहे याचा आनंद मला आहेच. पण सुचवण्याचे मुख्य कारण असे की यातील सोळा गाणी सोळा निरनिराळ्या शहरांत ध्वनिमुद्रित झालेली आहेत आणि तरीही ती मैफलीच्या मूळ क्रमानेच लावलेली आहेत. वादक तेच, गाण्यांचा क्रम तोच, फक्त समोरचे लोक प्रत्येक गाण्याला बदलतात. बँडमध्ये सहा जण आहेत. थेट अल्बममध्ये समोरचा जमाव हे सातवे वाद्य असते, आणि ते ऐकायला कान कसा तयार करावा हे पुढे टप्प्याटप्प्याने सांगितले आहे.

आधी एवढे माहीत असावे

बास, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, वाजवणारे स्टीव्ह हॅरिस यांनी १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये आयर्न मेडनची स्थापना केली. २००८ च्या दौऱ्यात हॅरिस यांच्यासोबत गायक ब्रूस डिकिन्सन, ड्रमवादक निको मॅकब्रेन आणि डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ व यानिक गर्स हे तीन गिटारवादक होते. मॅकब्रेन तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि डिकिन्सन एकोणपन्नास वर्षांचे. हे वय ध्यानात ठेवावे, कारण त्यांनी गायलेली बहुतेक गाणी त्यांच्या ऐन पंचविशी-तिशीतील आहेत. हा दौराच मुळी १९८० च्या दशकातील गाणी पुन्हा वाजवण्यासाठी आखलेला होता. अल्बममधील सोळांपैकी केवळ एक गाणे, ‘फिअर ऑफ द डार्क’, १९९२ चे आहे.

दौऱ्याची रीतही निराळी होती. अ‍ॅस्ट्रेअस या विमान कंपनीचे बोइंग ७५७ विमान बँडसाठी घेण्यात आले, मागील आसने काढून तेथे वाद्ये व मंचाचे सामान ठेवण्याची सोय करण्यात आली आणि त्याच कंपनीत व्यावसायिक वैमानिक असलेले गायक डिकिन्सन स्वतः ते विमान चालवत होते. अशा रीतीने ४५ दिवसांत २३ कार्यक्रम झाले आणि मुंबईत सुरू झालेला हा टप्पा १६ मार्च रोजी टोरंटोत संपला. या प्रवासावर स्कॉट मॅकफेडियन आणि सॅम डन यांनी माहितीपटही केला. त्याचे नाव तेच आहे. माझा आग्रह असा की माहितीपट नंतर पाहावा. चित्र समोर असले की कान आळशी होतात, आणि नवशिक्याला तर चित्राचा मोह टाळणे फारच अवघड जाते.

नावातील ६६६ या अंकामुळे काही जण बिचकतात. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात श्वापदाचा अंक म्हणून तो येतो आणि बँडच्या १९८२ मधील ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ या गाण्यामुळे तो त्यांच्याशी कायमचा जोडला गेला. ते गाणे एका भयस्वप्नाचे वर्णन आहे. सैतानाच्या उपासनेशी त्याचा काही संबंध नाही. ही शंका सुरुवातीलाच दूर झालेली बरी, कारण पुढे चिलीच्या गाण्यापाशी तिचा पुन्हा उल्लेख येणार आहे.

ऐकण्याची तयारी

मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नये. बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि तो स्वर मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून बाहेर पडतच नाही. म्हणजे ज्या वादकाने हा बँड उभा केला, तोच ऐकणाऱ्याला सापडत नाही. साधे पण कानावर नीट बसणारे हेडफोन पुरेसे आहेत. घरात दोन स्पीकरांची जुनी म्युझिक सिस्टीम असेल तर अधिक उत्तम. ती भिंतीपासून थोडी पुढे ओढावी आणि दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसावे.

ॲपवर ऐकत असाल तर तीन गोष्टी तपासाव्यात. गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारे शफल बंद असावे. एक गाणे विरत असतानाच दुसरे त्यावर चढवणारी क्रॉसफेडची सोय बंद असावी, कारण गाणे संपल्यानंतरच्या टाळ्या हा थेट अल्बमचा अर्धा अर्थ असतो आणि ही सोय नेमका तोच भाग कापते. सर्व गाण्यांचा आवाज एकसारखा करणारी सोयही बंद करावी. खालचे-वरचे स्वर कमीजास्त करणारा इक्वलायझर सपाट ठेवावा. आवाजाची पातळी अशी असावी की शेजारी बसलेल्याने नेहमीच्या स्वरात मारलेली हाक आपल्याला ऐकू येईल. हे संगीत मोठ्या आवाजासाठीच आहे असे सांगणारे पुष्कळ भेटतील, पण एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि दमलेल्या कानाला बारकावे कळत नाहीत ते वेगळेच.

संपूर्ण अल्बम दीड तासाहून मोठा आहे. तो पहिल्याच दिवशी सलग ऐकण्याचा प्रयत्न करू नये. सवय नसलेल्या कानाला तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर सगळे एकसारखे वाटू लागते, आणि मग ‘हे सगळे सारखेच असते’ असे मत बनते, जे पुढे बदलणे कठीण जाते.

पहिली बैठक : फक्त मुंबई

सुरुवातीला पाऊण मिनिटाचा एक भाषणाचा तुकडा आहे. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्या ४ जून १९४० च्या प्रसिद्ध भाषणातील ही वाक्ये आहेत. त्यामागोमाग येणारे ‘एसेस हाय’ हे गाणे त्याच वर्षीच्या हवाई युद्धात लढणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाच्या तोंडी आहे, म्हणून भाषणाची ही जोड. भाषण चालू असतानाच मुंबईच्या मैदानावरील लोकांचा आवाज कसा चढत जातो याकडे लक्ष द्यावे. कोणते गाणे येणार हे त्यांना ठाऊक आहे. आपल्या नाट्यगृहात ऑर्गनचे पहिले सूर निघताच पद ओळखून जी कुजबुज उठते, तिच्याच जातीचा हा आवाज आहे, फक्त हजारपट मोठा.

मराठी श्रोत्याला येथे एक धक्का बसतो आणि तो बसलाच पाहिजे. आपल्या मैफलीत गायक षड्ज लावतो, विलंबित लयीत रागाचा विस्तार करतो आणि आवाज पुरता तापल्यावर तारसप्तकात जातो. येथे मैफलीची सुरुवातच अत्यंत जलद लयीत होते आणि गाण्याचे ध्रुपद गायकाच्या पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला आहे. तेही लांबच्या विमानप्रवासानंतर, दौऱ्याच्या पहिल्याच रात्री आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर. डिकिन्सन काही ठिकाणी स्वर ओढून धरण्याऐवजी लवकर सोडतात, काही ओळींत श्वासासाठी शब्द तोडतात. हे दोष म्हणून मोजू नये. धावपटूचा श्वास ऐकावा तसे ते ऐकावे.

हे गाणे त्या दिवशी तीन वेळा ऐकावे आणि थांबावे. पहिल्यांदा काहीही न शोधता. दुसऱ्यांदा केवळ गायकाच्या मागे. तिसऱ्यांदा गायकाकडे दुर्लक्ष करून केवळ जमावाच्या मागे. तिसऱ्या वेळी ध्रुपदापाशी मैदानावरील लोक काय करतात ते ऐकण्याचा प्रयत्न करावा. एवढ्यावर पहिली बैठक पुरी झाली.

दुसरी बैठक : दोन रूपे शेजारी ठेवून

आता ‘रन टू द हिल्स’ घ्यावे. अल्बममध्ये ते कोलंबियातील बोगोटा शहरातील आहे. मूळ स्टुडिओ रूप १९८२ चे आहे. आधी स्टुडिओतील रूप ऐकावे, मग लगेच बोगोटातील. फरक शोधताना तीन गोष्टींवरच लक्ष ठेवावे.

पहिली गोष्ट ड्रम. १९८२ मध्ये ड्रम वाजवणारे क्लाइव्ह बर होते. मॅकब्रेन त्यानंतर बँडमध्ये आले. म्हणजे एकच ठेका दोन वेगळ्या हातांनी वाजतो आहे. बर यांचा ठेका हलका आणि उसळता आहे, मॅकब्रेन यांचा अधिक भरीव. तबल्यात दोन घराण्यांच्या वादकांनी एकच कायदा वाजवावा, तसा हा फरक आहे, आणि तो ओळखता आला की या संगीतातील व्यक्ती दिसू लागतात.

दुसरी गोष्ट गिटार. १९८० च्या दशकात बँडमध्ये दोन गिटारवादक होते. एड्रियन स्मिथ १९९० मध्ये बाहेर पडले, त्यांच्या जागी यानिक गर्स आले, आणि १९९९ मध्ये स्मिथ परतले तेव्हा गर्स यांना काढून न टाकता तिघांनीही राहायचे ठरवले. त्यामुळे २००८ मध्ये जुनी गाणी तीन गिटारांवर वाजतात. तिसऱ्या गिटारमुळे भर पडली की गर्दी झाली, यावर जुन्या श्रोत्यांत मतभेद आहेत. माझे मत असे की ‘पॉवरस्लेव्ह’सारख्या गाण्यात एक जण एकल वादन करत असताना मागे दोन गिटारांचा आधार टिकून राहतो आणि गाणे पोकळ होत नाही; छोट्या, वेगवान गाण्यांत मात्र तिसऱ्याची फारशी गरज भासत नाही.

तिसरी गोष्ट लय. दोन्ही रूपांबरोबर मांडीवर टाळी देऊन पाहावी. कोणते रूप जलद आहे हे घड्याळाशिवाय हातालाच कळते, आणि जमाव समोर असताना वादक लय पुढे रेटतात की आवरून धरतात, हेही कळते.

असेच मग ‘हॅलोड बी दाय नेम’ ऐकावे, जे टोरंटोचे आहे आणि अल्बमचे शेवटचे गाणे आहे. फाशीची वाट पाहणाऱ्या माणसाचे अखेरचे क्षण त्यात आहेत. स्टुडिओत ते एका माणसाचे आत्मकथन वाटते. टोरंटोत हजारो लोक त्याच्या ओळी म्हणत असल्यामुळे त्या कोठडीत तो एकटा राहत नाही. हे चांगले की वाईट, हे प्रत्येकाने आपापले ठरवावे. मला स्वतःला स्टुडिओतील एकटेपण अधिक भिडते.

तिसरी बैठक : एक वाद्य धरून

या बैठकीत बासवर लक्ष द्यावे. हॅरिस पिक, म्हणजे तार छेडण्याची छोटी पट्टी, न वापरता बोटांनी वाजवतात आणि त्यांच्या बोटांतून निघणारी घोडदौडीसारखी लय, एक लांब आणि दोन आखूड आघातांची, ही या बँडची सर्वांत सहज ओळखू येणारी खूण आहे. ‘द ट्रूपर’मध्ये ती सर्वांत स्पष्ट आहे, आणि तेथे ती अर्थालाही धरून आहे, कारण गाणे क्रिमियन युद्धातील १८५४ च्या बालाक्लावा येथील घोडदळाच्या चढाईवर आहे. तोंडाने ‘धाऽ तिट धाऽ तिट’ असे म्हणत गाण्याबरोबर चालावे. दोन मिनिटांत बास वेगळा होऊन पुढे येतो. हे गाणे टोकियोचे आहे. जपानी श्रोते गाणे चालू असताना शांत राहून ऐकतात अशी त्यांची ख्याती असल्यामुळे, वाद्ये सुटी करून ऐकण्यासाठी ही निवड सोयीची आहे.

ड्रमच्या बाबतीत एकच गोष्ट ध्यानात घ्यावी. या प्रकारच्या संगीतातील अनेक वादक मोठ्या ड्रमसाठी दोन पायांनी दोन पेडल चालवतात. मॅकब्रेन एकाच पायाने एक पेडल चालवत, तेही अनवाणी. जलद गाण्यांतील खालचा ठोका ऐकताना हे आठवावे.

चौथी बैठक : लांब गाणे

‘राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ हे साडेतेरा मिनिटांहून मोठे गाणे नवशिक्याच्या वाटेतील खरा घाट आहे. बरेच जण येथेच थकतात. म्हणून त्याला एक संपूर्ण संध्याकाळ द्यावी आणि कथा आधी समजून घ्यावी. इंग्लिश कवी कोलरिज यांची ही दीर्घ कविता १७९८ मध्ये प्रकाशित झाली. एक खलाशी काही कारण नसताना अल्बट्रॉस पक्ष्याला मारतो. वारा पडतो, समुद्रावर पाणीच पाणी असूनही प्यायला थेंब नाही अशी अवस्था होते, सोबती एकेक करून मरतात, आणि समुद्रातील जीवांकडे प्रेमाने पाहिल्यानंतर त्याचा शाप सैल होतो. पुढे मात्र आयुष्यभर भेटेल त्याला ही कहाणी सांगत फिरण्याची शिक्षा त्याच्या वाट्याला येते.

कीर्तनात आख्यान ऐकण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना हे गाणे इतरांपेक्षा लवकर उलगडते असा माझा अनुभव आहे. पूर्वार्धात कथा जोराने पुढे सरकते. मग मध्यावर वाद्ये जवळजवळ थांबतात, बासचे मोजके सूर राहतात, जहाजाचे लाकूड करकरावे असे आवाज येतात आणि कवितेच्या मूळ ओळी गायल्या न जाता बोलल्या जातात. या ठिकाणी खलाशी मेलेले आहेत आणि वारा पडलेला आहे, हे माहीत असले की शांतता रिकामी वाटत नाही. हे ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतील आहे. इतक्या हजारो लोकांसमोर, रॉकच्या मैफलीत, अनेक मिनिटे असे हळू वाजवण्याचे धाडस करायला वादकांचा समोरच्यांवर केवढा विश्वास हवा! लोक तो विश्वास राखतात का, हे कान देऊन ऐकावे. शांततेनंतर संगीत पुन्हा उसळते त्या क्षणी जी आरोळी उठते, तिच्यात ताटकळलेल्यांचा सगळा धीर एकदम सुटतो.

पाचवी बैठक : जमाव

आता कान पुरेसा तयार झालेला असतो. थेट मैफलीत वाद्यांचे व गायकाचे माइक वेगळे आणि श्रोत्यांच्या दिशेने लावलेले माइक वेगळे असतात. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र नोंदला जातो आणि कोणाला किती पुढे आणायचे हे नंतर ध्वनिमिश्रणात ठरते. या अल्बमचे निर्माते केव्हिन शर्ली आहेत. म्हणजे आपल्याला ऐकू येणारा जमाव खरा असला, तरी तो किती जवळ वाटावा हे कोणीतरी ठरवलेले आहे. हे समजून ऐकले की भाबडेपणाही राहत नाही आणि संशयही.

दुसरे आणि पहिले गाणे लागोपाठ लावून पाहावे. ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’ मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरीना या बंदिस्त क्रीडागृहातील आहे, तर मुंबईचे मैदान उघडे होते. बंद जागेत टाळ्या छताला आपटून परत येतात, उघड्यावर त्या पसरून विरतात. फरक बारीक आहे आणि ध्वनिमिश्रणाने तो आणखी कमी केलेला असू शकतो. पण टाळ्यांचे शेपूट कसे संपते तेवढेच ऐकले तर कल्पना येते.

त्यानंतर लॅटिन अमेरिकेकडे वळावे, कारण या अल्बमचे हृदय तेथे आहे. सोळांपैकी नऊ गाणी मेक्सिकोपासून चिलीपर्यंतच्या प्रदेशांतील आहेत. कोस्टा रिका आणि कोलंबियात बँड प्रथमच जात होता. बोगोटात तर लोक कार्यक्रमाच्या कितीतरी दिवस आधीपासून मैदानाबाहेर मुक्काम ठोकून होते. साओ पाउलोच्या ‘हेवन कॅन वेट’मध्ये मधल्या भागात शब्द नसलेली सामूहिक धून आहे, ती म्हणायला स्थानिक लोकांना मंचावर बोलावण्याची बँडची जुनी प्रथा आहे. ब्युनोस आयरिसच्या ‘फिअर ऑफ द डार्क’मध्ये लोक शब्द तर म्हणतातच, पण गिटारची धूनही गातात. येथे दोनदा ऐकावे, कारण पहिल्या वेळी तो आवाज गिटारचा की माणसांचा हेच कळत नाही. आपल्याकडे वारीत टाळकऱ्यांचा समुदाय अभंगाचे ध्रुपद उचलून धरतो तेव्हा मूळ गाणारा कोण हा प्रश्न मागे पडतो. ते ज्याने अनुभवले आहे, त्याला हा क्षण समजावून सांगावा लागत नाही.

चिलीचे ‘आयर्न मेडन’ मुद्दाम शेवटी ठेवले आहे. १९९२ मध्ये चर्चच्या विरोधामुळे बँडचा चिलीतील कार्यक्रम रद्द झाला होता. कारण तोच ६६६ चा अंक आणि त्याभोवतीचा समज. सोळा वर्षांनी, ९ मार्च २००८ रोजी, सांतियागोच्या श्रोत्यांनी जो आवाज केला त्यामागे ही आठवण आहे. मुंबईच्या आवाजात कुतूहल आणि नवलाई अधिक आहे, सांतियागोच्या आवाजात हक्क आहे. दोन्ही लागोपाठ ऐकले की जमावालाही स्वभाव असतो हे पटते.

सहावी बैठक : सलग

आता, आणि आताच, संपूर्ण अल्बम एका दमात ऐकावा. मध्ये थांबू नये, मोबाइल दूर ठेवावा. मैफलीचा क्रम कसा रचलेला आहे याकडे लक्ष द्यावे: आधी सात गाणी, मग लांब गाणे, मग ‘पॉवरस्लेव्ह’चे गंभीर नाट्य, त्यानंतर जमावाची गाणी, ‘आयर्न मेडन’वर मुख्य मैफलीचा शेवट, आणि पुन्हा बोलावल्यावर वाजवलेली तीन गाणी. त्या तीन गाण्यांतील पहिले, ‘मूनचाइल्ड’, पोर्तो रिकोतील सान हुआन येथे १२ मार्च रोजी ध्वनिमुद्रित झाले. त्या दिवशी हॅरिस बावन्न वर्षांचे झाले.

माहितीपट पाहायचा असेल तर यानंतरच पाहावा. बोगोटात ड्रमची काठी हाती आलेला एक तरुण रडत उभा आहे, ते दृश्य चुकवू नये.

पुढे काय ऐकावे

मागे जायचे असेल तर १९८५ चा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’ घ्यावा. २००८ चा दौरा ज्या जुन्या दौऱ्याच्या आठवणीवर उभा होता, त्याचाच तो अल्बम; मुख्यतः कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील. चर्चिल यांच्या भाषणापासून तोही सुरू होतो, त्यामुळे सव्वीस वर्षांचे डिकिन्सन आणि एकोणपन्नास वर्षांचे डिकिन्सन एकाच गाण्यात शेजारी उभे राहतात.

पुढे जायचे असेल तर २०१२ मध्ये प्रकाशित झालेला ‘एन व्हिव्हो!’ घ्यावा. तो संपूर्ण अल्बम एप्रिल २०११ मध्ये सांतियागोतच ध्वनिमुद्रित झाला आहे आणि त्यातही ‘आयर्न मेडन’ हे गाणे आहे. २००८ चे सांतियागो आणि २०११ चे सांतियागो लागोपाठ लावावे, वादकांकडे लक्ष न देता केवळ लोकांना ऐकावे, आणि तीन वर्षांत त्या सातव्या वाद्यात काय बदलले ते वहीत लिहून ठेवावे.